काळीला सोडून येणार नाही

प्रिय आई,
इथूनच तुझ्या पाया पडतो. मी खुशाल आहे, दोन वेळ पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

माझी सुरुंग हुंगणारी कुत्री, काळी, परवा रस्त्यात बसली ती हलेचना. मागची आमची अकरा माणसं थांबली. सुरुंग सापडला, पण काढताना फुटला. माणसं वाचली, काळीचे कान मात्र गेले.

काल तळ हलवायचा हुकूम आला. साहेब म्हणाले, "बहिरी कुत्री गाडीत नको. सुई देऊन मारून टाका."

मी म्हणालो, "साहेब, ती नाकानं काम करते. आणि डावा कान माझाही गेलाय. मलाही सुई देणार का?"

आई, हे तुला कळवायचं नव्हतं. ओघात लिहून गेलो, आता खोडत नाही.

साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात ड्रायव्हरनं किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "काळी नसेल तर गाडी तुम्हीच चालवा."

साहेब पुटपुटले, "घ्या त्या बयेला."

आत्ता ती गाडीत माझ्या पायावर डोकं टाकून घोरतेय. घरात कुत्रं तुला चालत नाही, ठाऊक आहे. तरी लढाई संपली की आम्ही दोघं येणार. माझ्या एकट्यासाठी दार उघडू नकोस.

तुझा हट्टी,
धाकटा