वेगळं पातेलं

देगलूर, सोमवार

प्रिय अंबिका,

अनेक आशीर्वाद. सातवा लागला, आता तुला न्यायला यावं म्हणून परवा फोन केला, तर तू म्हणालीस, बाळंतपण लातूरलाच करते, इथं दवाखाना जवळ आहे. मी बरं म्हणाले. पण खरं कारण मला कळलंय. तुझं रक्त कमी आहे, डॉक्टरीणबाईंनी रोज दोन अंडी सांगितलीत, हे जावईबापू बोलून गेले. आणि आपल्या घरात अंडं चालत नाही.

खोटं कशाला बोलू, ऐकून मला शिसारीच आली. गळ्यात लिंग बांधणाऱ्याच्या घरात अंडं म्हणजे पाप, हे माझ्या आईने मला भाकरी थापायला शिकवावी तसं शिकवलं. कधी विचारावंसं वाटलंच नाही.

शेजारच्या केवळाबाईंकडे दर रविवारी मटण, म्हणून तीस वर्षं मी त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाही. गेल्या साली मला टायफॉईड झाला, तेव्हा बारा दिवस पेज त्यांनीच आणली. मी नुसती वाटीकडे बघत राहिले तर म्हणाल्या, "प्या जगदेवीबाय, तुमच्यासाठी पातेलं येगळं ठिवलंय. दुसरं काई शिजवलं न्हाई त्यात." मी काही मागितलं नव्हतं गं. लई लाज वाटली.

काल त्यांनाच म्हणाले, मला अंडी उकडायला शिकवा. परसात चूल मांडली. पहिली दोन्ही फुटली. "अवं, जाळ कमी करा, भाकर भाजून राहिल्या का?" असं म्हणून पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुझे अप्पा दारात उभे. पुढं येऊन त्यांनीच लाकडं मागं ओढली.

मी खाणार नाही. चुलीवरून उठून अंघोळ करीन, मगच लिंगपूजेला बसेन. माझं मी सोडलेलं नाही.

पण सहावीत तू मैत्रिणीकडे आम्लेट खाऊन आलीस, तेव्हा मी तुला मारलं, थंडीत गार पाण्याने न्हाऊ घातलं. तू कुडकुडत विचारलंस, "आई, मी वाईट झाले का?" मी हाव म्हणाले. ते चुकलं, बाळ. फोनवर एवढं बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. आज नवं पातेलं घेतलं. आपल्या सगळ्या भांड्यांवर अप्पांचं नाव आहे. दुकानदाराने विचारलं, नाव काय घालू? मी अंबिका सांगितलं. गुरुवारी अप्पा न्यायला येतील. नाही म्हणू नको.

तुझीच,
आई