अकरा नमुन्यांबाबत माझे अखेरचे म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, व्यवसायाने नवजात बाळांच्या आनुवंशिक रोगांची संशोधक, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता लिहीत आहे. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड गेली. माझे मन ठिकाणावर असल्याचे दोन दाखले सोबत जोडले आहेत. ते देणारे डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत, याची मी खात्री करून घेतली आहे. "एक दाखला पुरतो, बाई," असे वकील म्हणाले. एका तपासणीवर मी उभ्या जन्मात विश्वास ठेवलेला नाही. विद्यार्थी मला पाठीमागे 'पुन्हा करा बाई' म्हणत. मला ते ठाऊक नाही, असे त्यांना वाटे.

यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गच्ची, माझ्या भावाच्या मुलीला द्यावे. गेल्या वर्षी मला हृदयाचा झटका आला आणि तेव्हापासून तिची माया उतू जाऊ लागली. "आत्या, पडदे बदलू या गं," म्हणत ती टेप घेऊन आली आणि खिडकीबरोबर भिंतही मोजून गेली. मी पाहत होते. तरी घर तिलाच देते, कारण दवाखान्यात नऊ दिवस माझ्या उशाशी तीच बसली होती आणि तेव्हा घर तिच्या नावे नव्हते. तेव्हाचे मृत्युपत्र मी तिला मुद्दाम वाचून दाखवले होते. तरी ती उठून गेली नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आमच्या प्रसूती रुग्णालयातल्या बाळांच्या वेगळ्या दुधासाठी खर्च करावी. मात्र दूध डब्यांच्या रूपात थेट वॉर्डात पोचते करावे, व्यवस्थापनाच्या हाती रोख देऊ नये. का, ते व्यवस्थापनाला ठाऊक आहे.

कलम ३. सूक्ष्मदर्शक सध्याच्या विभागप्रमुख बाईंना द्यावा. ती माझीच विद्यार्थिनी, तिला मी 'घाई' म्हणत असे. तिने तो काचेच्या कपाटात मांडून त्यापुढे पाट्या लावू नयेत, वापरावा. माझी सन्मानचिन्हे कोणी मागितली तर द्यावीत, कोणी मागणार नाही. जीवनगौरव पुरस्कार झटक्यानंतर दोन महिन्यांत मिळाला, त्यामुळे त्यांनी तो कोणत्या हिशेबाने दिला हे मी समजून आहे.

कलम ४. लोखंडी कपाट आणि त्यातल्या वह्या. माझी खरी इस्टेट हीच, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे काही बाळे ठणठणीत जन्मत, तिसऱ्या दिवशी दूध ओढेनाशी होत आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जात. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन. बाईची कूसच वाईट, असे सासरचे म्हणत आणि डॉक्टर गप्प बसत. मी आणि माझा सहकारी अशा दोघांनी एकोणीस वर्षे खपून शोधले की या बाळांना दुधातला एक घटक पचत नाही, आणि हा दोष निम्मा आईकडून व निम्मा बापाकडून येतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात. हे जाहीर झाले तेव्हा कित्येक सासवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. पहिल्या चार दिवसांत दोष सापडला आणि दूध बदलले की बाळ जगते.

या सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण समोर येईल त्याला तो खडू घेऊन फळ्यावर समजावत सुटे. आमचा वाद एकच होता, रक्त कधी घ्यायचे. मी म्हणे, जन्मताच, नाळेतून, म्हणजे वेळ जात नाही. तो म्हणे, तिसऱ्या दिवशी, टाचेला टोचून, म्हणजे रक्त निखळ बाळाचेच मिळते. १९९८ च्या मार्चमध्ये परिचारिकांचा संप झाला आणि त्या आठवड्यातले नाळेच्या रक्ताचे सर्व अकरा नमुने मी एकटीने घेतले. टिपकागदाच्या कार्डांवर सुकवलेली ती अकरा कार्डे कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत.

कलम ५. त्या वर्षीचा आमचा शोधनिबंध मी छापून आल्यावरच पाहिला, कारण तेव्हा मी आजारी आईपाशी होते. त्यात मास्तरचे नाव पहिले, माझे दुसरे. माझे अकरा नमुने 'तांत्रिक कारणास्तव' वगळलेले, आणि टाच हीच खरी पद्धत असा निष्कर्ष. मी जाब विचारला तर तो खिडकीबाहेर पाहत "तांत्रिक कारण" एवढेच म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. पुढे त्याला सुवर्णपदक मिळाले. सबब माझ्या मृत्यूनंतर या कार्डांची तपासणी करून, मास्तरने ती जाणूनबुजून दडपली हे सिद्ध करावे, आणि पदक परत घेण्याची मागणी माझ्या नावाने करावी.

(कलम ५ वर मी आडवी रेघ मारली आहे. सही, ९ ऑक्टोबर. पान फाडून नवे लिहा, असे वकिलांचे मत पडले. प्रयोगशाळेच्या वहीत चूक पुसत नाहीत आणि पानही फाडत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. हे मी पस्तीस वर्षे शिकवले. माझा आरोपही लोकांना वाचता आला पाहिजे.)

कलम ६. रेघ का मारली ते सांगते. मेल्यावर होणाऱ्या तपासणीचा मला भरवसा वाटेना. मधल्या मधे कार्डे कोण हलवील याचा नेम नाही. म्हणून मी प्रत्येक कार्डाचे तुकडे दोन प्रयोगशाळांना वेगवेगळे क्रमांक घालून पाठवले. दोघींचे उत्तर एकच आले, प्रत्येक ठिपक्यात दोन माणसांचे रक्त आहे. दोघींचे संगनमत असेल म्हणून मी तिसरीकडे पाठवले. तिथल्या माणसाने तेच सांगितले आणि वर फोन करून विचारले, "बाई, हे नाळ पिळून काढलं होतं का हो?"

होय. नाळ स्वच्छ पुसून सुईने रक्त ओढायचे असते. संपाच्या आठवड्यात माझ्या हाताखाली कोणी नव्हते, म्हणून मी ते बोटांनी पिळून काढले आणि नाळेवरचे आईचे रक्त त्यात उतरले. ते मिसळले की आजारी बाळाचा अहवालही चांगला दिसतो. अकराही बाळे निरोगी, असे मी लिहून दिले होते. सगळ्यांना पुन्हा करायला लावणारी मी, स्वतःचे अकरा नमुने पुन्हा केले नव्हते.

मग मी घाईला सांगून वॉर्डातली त्या वर्षीची दूधवाटपाची वही शोधून आणवली. ती वही मी नोकरीत असताना कधी उघडली नव्हती. तीत मास्तरच्या अक्षरात नोंद आहे: 'संपातली अकराही बाळे परत बोलावून टाच टोचली. दहा ठीक. सातवी, मुलगी, जन्म तीन मार्च, दोष आहे. चौथ्या दिवशी दूध बदलले.' सव्वीस वर्षांनंतरही मला भीती वाटली. ते मूल गेले असते, आणि त्याच्या आईला मी स्वतः "काळजीचं काही नाही" म्हणून घरी पाठवले होते.

कलम ७. तीन मार्च ही तारीख मला आणखी एका कारणाने पाठ होती. दरवर्षी त्या दिवशी एक बाई लहान मुलीचे बोट धरून मास्तरच्या खोलीत जाई. हातात पुडके असे. माझ्या दारावरून जाताना ती आत पाहतसुद्धा नसे. मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली आणि पाणी कुठे मुरते आहे ते माझ्या मते ओळखले: मास्तर रुग्णांकडून भेटी घेतो. २००१ साली मी व्यवस्थापनाकडे निनावी अर्ज केला. चौकशी बसली. सिद्ध काहीच झाले नाही, पण त्या वर्षी मास्तर विभागप्रमुख होणार होता, तो झाला नाही. मी झाले. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही आणि मला त्याची लाज वाटते.

कलम ८. काल मी मास्तरला फोन केला. तो काठी टेकत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "वही सापडली वाटतं."

"का नाही सांगितलंस मला?"

"दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असतास."

"दिलाच असता."

"मग? घरोघर जाऊन आयांना बोलतं कोणी केलं असतं? माझ्यापुढे त्या तोंड उघडत नव्हत्या. आणि तू बोलणंच टाकलंस, मग सांगायचं तरी कधी?"

"आणि नाव पहिलं घातलंस ते?"

"टाचेचं काम माझं होतं गं. पदकही आवडलं मला. खोटं कशाला बोलू?"

या शेवटच्या वाक्यामुळे मी आधीच्या वाक्यांवर थोडा विश्वास ठेवला. मग मी त्याला अर्जाचे सांगितले. "तो निनावी अर्ज मी केला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"चौकशीत माझ्यापुढे ठेवला होता. अक्षर ओळखता का, म्हणाले. तू आधी फेब्रुवारी लिहिलं होतंस. मग त्यावर एक रेघ, वर मार्च, आणि बाजूला तुझी छोटी सही. तारखेसकट." तो हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला. "अगं, निनावी अर्जावर सही!"

मला हसू आले नाही. "मग काय सांगितलंस त्यांना?"

"ओळखत नाही म्हणालो. त्यांना ती कारकुनाची खूण वाटली. आपल्याशिवाय असं करतं कोण?"

"आणि पुडक्यात काय असायचं?"

"मुलीच्या वजनाचा, उंचीचा कागद. आणि केळी. केळी मी खाल्ली, तेवढं चौकशीत कबूलही केलं."

माणूस इतका चांगला असू शकतो, हे मला अजून पुरते पटलेले नाही. कुठेतरी काहीतरी असेल, असे मन सांगते. परंतु तीन प्रयोगशाळा, एक वही आणि एक जिवंत मुलगी, एवढा पुरावा दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असता तर मी मान्य केला असता. कपाट, वह्या आणि अकरा कार्डे घाईच्या स्वाधीन करावीत. नाळ कशी पिळू नये, हे शिकवताना तिने ती माझे नाव घेऊन दाखवावीत.

कलम ९. मास्तरला या मृत्युपत्राने काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने लाभ घेऊ नये असा कायदा आहे. "मला काय करायचंय? केळी ठेव," असे त्याचे म्हणणे पडले.

वरील कबुली माझ्या शोकसभेत, भाषणांच्या आधी, मोठ्याने वाचावी, असे मी आज सकाळी लिहिले होते. वकिलांना ते फार आवडले. "छान, म्हणजे तुम्हाला काही त्रास नाही," ते म्हणाले. आयुष्यभर मी एक शिकले आहे: निष्कर्ष सोयीचा निघाला की आधी त्याच्यावर संशय घ्यावा. मी मेल्यावर मास्तरला त्याचे पद कोणी परत देणार नाही आणि मला कोणी प्रश्न विचारणार नाही. माझी मान खाली जायला मान तरी हवी.

म्हणून हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. उद्या, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता मी व्यवस्थापनासमोर उभी राहून सांगेन की तो अर्ज माझा होता, ते पद मास्तरचे होते आणि ते अकरा नमुने मी बिघडवले. तिथून त्या मुलीच्या आईच्या दारी जाईन. ती दार लावून घेईल अशी माझी अपेक्षा आहे. मास्तर नको म्हणतो आहे. त्याचे मत विचारलेले नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, पुन्हा वाचून पाहिले, आणि त्यानंतरच सही केली.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: १६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे शिंपी. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्याआधी माझे ओळखपत्र दोनदा पाहिले.

साक्षीदार २: मास्तर, निवृत्त संशोधक. (सही) कलम ९ मला मान्य नाही. उद्या तिच्याबरोबर जात आहे.