आवाज लिहून कळव

४ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

गाडी बिघडली आहे. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मीही बंद पडलो. हिचं बाळंतपण महिन्यावर आलंय, साठवलेले पैसे त्याला लागतील. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा गाडी मीच दुरुस्त करायचं ठरवलंय. तुम्ही जन्मभर नुसत्या कानाने इंजिनं ओळखलीत. आता ऐकू येत नाही, फोनची सोय उरली नाही, म्हणून हे पत्र. गाडी घरघर करते. काय करू?

लोभ आहेच. लवकर उत्तर दिलंत तर माझ्याकडून वाढेल.

तुमचा ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. चाक काढ आणि फिरवून बघ. जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नकोस, आहे तेवढं तरी शाबूत राहू दे.

कान गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. तुझं पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मामा

१५ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

बेअरिंग ठणठणीत आहे. चाक काढून परत बसवण्यात रविवार गेला. शेजारी खुर्ची घेऊन बघायला बसले होते, अधूनमधून सल्लेही देत होते. आज तर गाडी सुरूच होईना. ढकलली.

राग आला तरी माया आटू देऊ नये.

ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

गाढवा, बहिरा मी आहे, तू नाहीस. सूनबाईला गाडीत बसव आणि आवाज तिला लिहायला सांग. कधी येतो, कशाने वाढतो, कधी थांबतो.

मामा

२५ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

घरघर ह्यांची, झोपेतली. गाडी किंचाळते. सकाळी सुरू केली की बारीक आणि लांब. दिवे लावले की वाढते. थोडं फिरून आलं की गप्प. मामा, ऐन वेळी ही सुरू झाली नाही तर? मला फार भीती वाटते.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची सूनबाई

२९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

शाब्बास! डायनॅमो फिरवणारा पट्टा सैल झालाय. तो घसरतो, म्हणून बॅटरी भरत नाही. ढब्बूला म्हणावं, डायनॅमोचा बोल्ट ढिला कर, डायनॅमो मागे ओढून पट्टा ताण, बोल्ट आवळ. बॅटरी एकदा बाहेरून भरून आण. घाबरू नकोस, पोरी. ही गाडी तुला पोचवणार.

मामा

८ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

काल गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

रडते ती अशी: आधी कोरडं, तुटक ‘अँ, अँ’. मग श्वास कोंडतो, आमचाही. मग एकदम वरच्या पट्टीत लांब सूर, शेवटी थरथर. कपडे बदलताना वाढतं. आईने छातीशी धरलं की थांबतं. मग बारीक हुंकार देत झोपते.

आता लोभ तिघांवर करावा.

ढब्बू

१२ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि डोळे मिटून बसलो. ऐकू आली रे.

हसायला लागली की लगेच लिही.

मामाआजोबा