नांदेड की लातूर

सोम., ३ जून
शेवगे सरांच्या क्लासात स्वतःची पसंती इंग्रजीत सांगायची होती. मी म्हणालो, आय वुड रादर टू ड्रिंक टी. सर : "रादरला टूचं शेपूट कशाला लावतो बाबा?" वहीत चौकट करून लिहिलं. वुड प्रिफर, पुढे टू. वुड रादर, पुढे नुसतं क्रियापद. शुक्रवारी कुरिअर ऑफिसात मुलाखत. बारावी नापास चालतो; इंग्रजी पाहिजे.

मंगळ., ४ जून
आईवर सराव. तिनं विचारलं, भाकर का पोळी? आय वुड प्रिफर टू... इथं अडलो. "सांग की लवकर, तवा तापून राहिला!" शेवटी म्हणालो, काहीही चालेल. मराठीत तरी मी दुसरं काय म्हणतो?

बुध., ५ जून
सर म्हणाले, एकच वाक्य पक्कं कर. वाक्य त्यांचंच : आय वुड रादर वर्क इन लातूर दॅन इन नांदेड. सर मूळचे लातूरचे. चाळीस वेळा लिहिलं. आईनं वही पाहिली. तिला इंग्रजी येत नाही. म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय."

शुक्र., ७ जून
मुलाखत. मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, जागा इथे नांदेडला आहे, लातूरलाही आहे. तुमची पसंती?
एवढा आनंद कधी झाला नव्हता. वाक्य सरळ बाहेर आलं. टू नाही! मॅडम म्हणाल्या, व्हेरी क्लिअर. आणि कागदावर लातूर लिहिलं.
आपण काय बोललो, ते जिना उतरताना कळलं.

शनि., ८ जून
फोन आला. नोकरी लागली. लातूर. होकार सोमवारी कळवायचा. घरात आम्ही दोघंच, म्हणून आईला सांगायला संध्याकाळ केली.
"जायचं होतं तर आधी सांगायचं न्हाई का?"
"जायचं नव्हतं. वाक्य तसं होतं."
"मंग दुसरं वाक्य म्हणायचं!"
दुसरं पाठ नव्हतं, हे तिला कसं सांगू.

रवि., ९ जून
सकाळी गावांची अदलाबदल करून वाक्य लिहिलं. तेही बरोबर. दोन्ही एकाखाली एक ठेवून बघत बसलो. लातूरचं जरा जास्त वेळ बघितलं.
आईनं माळ्यावरची बॅग काढली. फडकं हातात घेऊन समोर बसली.
"पुसू का वर ठेवू? मराठीत सांग."
मी तोंड उघडलं.
"आन् चालेल म्हणलास तर बघ."
तोंड मिटलं. बॅग अजून मधेच आहे. आई पण.