अर्ध्या साखरेची चिंच

५ एप्रिल, शनिवार
नेरेइदाचं लग्न ठरलं. लेओबार्दोशी. तारीख २६. ओब्दुलिया मावशी स्वतः सांगायला आली. नेरेइदा तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण. आणि मी ग्वादालाहारा शहरात शिकायला जाण्याआधी लेओबार्दोने मला मागणी घातली होती. मी म्हटलं, आधी पदवी. तो म्हणाला, थांबतो. पदवी झाली. आमच्या घरातली पहिली. असो.
मला काहीच वाटलं नाही. खरंच काही नाही. शिक्षणाने माणूस स्थिर होतो म्हणतात, ते हेच असावं.
मावशी म्हणाली, केकला खर्च उचलणारी धर्ममाता मिळाली, अंगठ्यांना मिळाली, चर्चमध्ये गुडघ्याखाली घ्यायच्या उशांनासुद्धा मिळाली. मिठायांचं टेबल तेवढं राहिलंय, ते तुझं. याला नाही म्हणायची रीत नाही. मी म्हणाले, आनंदाने. आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

६ एप्रिल
ठराव : विकतचं काही आणायचं नाही. चिंचेच्या तिखटगोड गोळ्या मी घरी करणार. शाळेत असताना करायचे, त्याच. लेओबार्दो मधल्या सुट्टीत त्या खायचा आणि म्हणायचा, तुझ्या हातची चव मी डोळे मिटून ओळखेन. हे फक्त नोंद म्हणून लिहिलं. ठरावाशी संबंध नाही.
साखर निम्मी. मी आहारशास्त्राची पदवीधर आहे आणि आमच्या गल्लीत घरटी एकाला साखरेचा आजार. कुठेतरी सुरुवात व्हायला हवी. प्रत्येक पुडीत चिठ्ठी घालायची : ‘घरी केलेली. निम्मी साखर. प्रेमाने.’
नंतर ‘प्रेमाने’ खोडून ‘आरोग्यासाठी’ केलं.

९ एप्रिल
चिंचा सोलल्या. आई मदतीला बसली. शिरा ओढता ओढता म्हणाली, रडायचं असेल तर रडून घे, कुणी विचारलं तर तिखटावर ढकलू. मी तिला सांगितलं की भावना दाबणं वेगळं आणि भावना नसणं वेगळं. ती म्हणाली, असेल बाई, तू शिकलेली.

११ एप्रिल
पहिला घाणा. चिंच उकळून चाळणीवर कोळली. गरात साखर, मीठ, मिरचीपूड घालून आटवत ठेवला. तिखट बघायला चमचाभर गर तसाच उकळता तोंडात घातला. जीभ गेली. आता गोड, खारट, काहीच कळत नाही.
हरकत नाही. माझं काम प्रमाणावर चालतं. जिभेवर आमच्या आयांचं चालायचं.

१२ एप्रिल
गोळी वळली की ताटात बसकण मारते. आई म्हणाली, ही गोळी आहे की आमटी? दोष हवेचा. आमच्या आर्मेरिया गावात एप्रिलमध्ये माणसं वितळतात, चिंचेचं काय घेऊन बसलात.

१५ एप्रिल
नेरेइदा आली. माझ्यावर रागावली आहेस का, असं दारातच विचारलं. मी हसले. तिला घाण्यातली चव दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मला मिठी मारून म्हणाली, किती मोठं मन गं तुझं. जाताना तिने कुंपणाशी थुंकलं, असं आई म्हणते. मी पाहिलेलं नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आई म्हणाली, आज तरी शेगडी पेटवू नकोस. मी म्हणाले, अशा समजुतींनीच आपण मागे राहिलो. दुसरा घाणा तळाला लागला. योगायोग.

२३ एप्रिल
तिसरा घाणा जमला! थोडा सैल आहे, पण घरच्या वस्तूला घरचा आकार असायचाच. दिवसभर रंगीत कागदात पुड्या बांधल्या, चिठ्ठ्या घातल्या. आईने एक पुडी दाबून बघितली आणि हात धुतला. जीभ अजून बधिर आहे. बाकी मीही ठीक.

२५ एप्रिल
पुड्या फुगल्या. काही फुटल्या. आतून फसफस येते आहे आणि टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग. आई म्हणाली, नवऱ्याकडची माणसं आधीच आली वाटतं.
चौकातल्या दुकानात गेले. कारखान्याच्या चिंचवड्या आणल्या, वेष्टनं काढली, मळून गोळ्या केल्या, माझ्या कागदात बांधल्या. चिठ्ठ्या त्याच घातल्या. दुसऱ्या लिहायला वेळ कुठे आहे? याला फसवणूक म्हणता येणार नाही. तत्त्व कायम आहे, फक्त साखर बदलली.

२६ एप्रिल
लग्न झालं. माझ्या टेबलावर झुंबड. ओब्दुलिया मावशी चिठ्ठी हातात नाचवत सगळ्यांना सांगत होती, निम्मी साखर, आणि तरी एवढं गोड! बघा, शिक्षण म्हणतात ते हे.
मग लेओबार्दो आला. सुटात. एक गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले. म्हणाला, तीच चव. म्हटलं नव्हतं मी, कुठेही ओळखेन? तेवढ्यात नाचासाठी नेरेइदाने त्याला हाक मारली. तो गेला.
मी हसत होते. गाल दुखेपर्यंत.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी आईला सगळं सांगितलं. सिद्धच झालं म्हटलं, कारखान्याचा माल खाऊन म्हणतो तुझाच हात. या माणसाला माझी चव कधी कळलीच नव्हती. बोलताना बरं वाटत होतं. एकदम हलकं.
आई पातेलं खरवडत होती. म्हणाली, बरोबर ओळखली त्याने.
मी विचारलं, म्हणजे?
म्हणाली, तुझ्या गोळ्या शाळेत असतानाही कधी वळल्या नाहीत गं. तू अंघोळीला गेलीस की मी चौकातून आणायचे आणि तुझ्या कागदात बांधायचे. एवढ्या हौशीने करायचीस, हिरमुसली असतीस.
विचारलं, दर वेळी?
म्हणाली, दर वेळी.
तिसऱ्या घाण्यातला वाटीभर गर फ्रिजमध्ये राहिला होता, तो काढला. म्हटलं, आपल्या हातची चव एकदा बघू तरी. जीभ अजून तशीच. थंड लागलं, एवढंच.
वाटी आईपुढे केली. तिने बोटावर घेतला, चाटला, बराच वेळ तोंडात घोळवला. कसा झालाय विचारलं, तर तिने बोट पुसलं. मग म्हणाली, पदवी मात्र तू स्वतः मिळवलीस.
मी हो म्हटलं, आणि चमचा परत वाटीत बुडवला.