नाक्यापासून सव्वापाच मैल

बाबा, आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. फाल्गुनातल्या एका रविवारी मेळघाटातल्या मोटारशर्यतीसाठी परतवाड्याहून नऊ गाड्या सुटल्या. आमची सहावी. दादा चालवत होता. मी शेजारी, घड्याळ आणि मैलांचं मीटर सांभाळायला.

२. जंगलनाक्यापासून तीन मैलांवर मागचं डावं टायर फुटलं. जास्तीचं चाक घाटाच्या पायथ्याशीच वापरून झालं होतं.

३. दादाने ट्यूब काढून टायरात कापूस भरला आणि गाडी पुढे घेतली.

४. नाक्यापासून सव्वापाच मैलांवर टायरातून धूर येऊ लागला. दादाने टायर उतरवून सुक्या नाल्यात टाकलं. उरलेली वाट आम्ही चाकाच्या नुसत्या लोखंडी कड्यावर काढली.

५. दुपारी त्या नाल्यातून वणवा उठला. दोन दिवस जळत होता.

६. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. वणवा लावल्याबद्दल जंगलनाक्यावरच्या नाकेदाराला कामावरून दूर केलं आणि त्याच्यावर खटला भरला.

हे अकोल्याहून लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता चोवीस पूर्ण झाली. नागपूरला रसायनशास्त्र शिकले आणि इथल्या सरकीच्या तेलाच्या गिरणीत तेल तपासायचं काम करते. वाऱ्याने तराजूचा काटा हलतो, म्हणून माझ्या खोलीची खिडकी दिवसभर बंद असते. त्या बंद खोलीत चार दिवसांपासून एक कागद पडून आहे. आमच्या मोटारीतून कोणतीही जळती वस्तू जंगलात टाकली गेली नाही, असं त्यावर लिहिलं आहे. खाली दादाची सही. तिच्याखाली माझ्या सहीपुरती जागा कोरी. हा कागद सोमवारी कोर्टात द्यायचा आहे, आणि तो दिला की नाकेदार सुटत नाही.

कागद घेऊन दादा स्वतः अमरावतीहून आला होता. "सही कर अन् मोकळी हो," म्हणाला. मी म्हटलं, हे खोटं आहे. "खोटं कावून? जळत कुठं होतं? धूर होता. अन् तो नाकेदार गस्तीवर बिडी फेकून गेला, असं जंगलखात्याच्या साहेबानं लिवलंच हाये." मी म्हटलं, तो बिडी ओढत नाही, तंबाखू मळत होता, मी पाहिलं. "लयच पाह्यनारी आली मोठी!" दादा हसला, मग हसायचा थांबला. "जंगलखात्याच्या लाऱ्या आपल्या वर्कशॉपात येतात. त्या गेल्या त बाबाचं वर्कशॉप गेलं. मंग पाह्यत बस." तो वाईट नाही, बाबा. तुमच्यामागे मला नागपूरला पाठवायचं की नाही यावर काकांशी भांडला तो हाच. दोन महिने काका त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणून मला त्याच्यासमोर फार मोठ्याने बोलता येत नाही.

तुम्ही मला ही शर्यत पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा मी नऊ वर्षांची. घाटातल्या वळणावर, कठड्याच्या दगडावर आपण दोघं बसलो आहोत. खाली सागाचं पानगळीचं जंगल, मधेमधे लाल पळस. तुम्ही दशमीचा तुकडा मोडून देता आणि सांगता, "इथं पयल्यानं येनाऱ्याले बक्षीस नाई, बेटा. येळेवर येनाऱ्याले हाये. लवकर आला तरी चुकला." खालून गाडी दिसली की मी ओरडायचं आणि तुम्ही घड्याळ पाहायचं, असं ठरलेलं. मी ओरडते, "आली!" तुम्ही घड्याळाकडे पाहतच नाही. "काय पाह्यलं?" मी म्हणते, धूळ. "मंग धूळ आली म्हन. गाडी पाह्यली का? न पाह्यता सांगू नोको." मला इतका राग आला होता की उरलेली दशमी मी माकडांना टाकली. खरंच, त्या धुळीतून बैलगाडी निघाली. तुम्ही हसलाही नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्याच वर्षी तुम्ही मला एका मोडलेल्या मोटारीचं मैलांचं मीटर दिलंत. मागचा दांडा बोटांनी फिरवला की आतल्या आकड्यांच्या चकत्या सरकायच्या. मी ओट्यावर बसून रोज अमरावतीहून दर्यापूरला जाऊन यायची. आई म्हणायची, पोरगी घरात बसून गाव हिंडते. यंदा दादाच्या गाडीचं मीटर बंद होतं, तेव्हा तेच काढून आम्ही बसवलं. जंगलनाक्यावर मी ते शून्यावर आणलं होतं; दादा टायर टाकून परत बसला तेव्हा मीटरवर पाच होता आणि मैलाच्या दहाव्या भागांची शेवटची चकती दोन आणि तीनच्या मधे थांबली होती. खटल्याच्या कागदात वणव्याची जागा "नाक्यापासून सुमारे पाच मैल" अशी आहे. सुमारे त्यांच्यासाठी. मला जागा माहीत आहे.

आणि कापसाचंही मला माहीत होतं. टायर फुटलं की आपल्याकडचे ड्रायव्हर त्यात कापूस नाहीतर कडबा ठासून पुढचं गाव गाठतात, त्यात नवीन काही नाही. पण दादाने भरला तो वर्कशॉपातला हात पुसायचा कापूस, तेल प्यालेला. असा कापूस मी लहानपणी लाकडी पेटीत कोंबून ठेवला होता आणि सकाळी पेटीचा तळ काळा झाला होता. तुम्ही माझा हात धरून त्या गोळ्याजवळ नेलात. वरून गार दिसत होता. तुम्ही तो चिमट्याने उकलला, तर आत लाल. "कापूस वरून इझते. आतून नाई इझत. फोडल्याबिगर इझला म्हनू नोको." तेव्हापासून संध्याकाळी सगळा पुसायचा कापूस पाण्याच्या बादलीत टाकायचं काम माझं होतं. आज गिरणीतही मी तेच करायला लावते.

शर्यतीच्या दिवशी माझ्या बाजूचं दार धक्क्याने उघडत होतं, म्हणून ते दोरीने बांधलं होतं. नाक्यावर साखळी खाली करताना नाकेदाराने ते पाहिलं. कोरकू माणूस, तुमच्या वयाचा असेल, म्हणजे तुम्ही असता तर. "बाईले बांधून नेता का? पळून जाईन का ते?" दादा म्हणाला, "दार पळते, बुवा. ते नाई पळत." नाकेदार हसला आणि आत जाऊन पाण्याचा डबा घेऊन आला. "घेऊन जा. म्होरचा नाला सुका हाये." दादाने हात हलवला. "नोको, वजन होते गाडीले." रेडिएटरपुरतं पाणी आमच्याकडे होतं. नाकेदार डबा हातात धरून उभा राहिला, आम्ही धुळीत दिसेनासे होईपर्यंत. खटला चाललाय तो ह्याच माणसावर.

आता क्रमांक चारबद्दल. तिथे मी सगळं लिहिलेलं नाही. दादाने टायर नाल्यात टाकून त्यावर बुटाने दोन वेळा वाळू लोटली आणि खालून विचारलं, "इझलं का वो? तिकून दिसते का?" पुढच्या नाक्यावर ठरलेल्या वेळी पोचायला अकरा मिनिटं उरली होती आणि लागणार होती दहा. माझी नजर घड्याळावर होती. मी म्हटलं, "विझलं." दादाने माझा शब्द घेतला. अशा बाबतीत तो माझाच शब्द घेतो, कारण मी शिकलेली आणि तुमच्या हाताखाली तयार झालेली. त्यामुळे त्या कागदावरची त्याची सही त्याच्या मते खोटी नाही.

चार दिवस मी स्वतःला सांगते आहे की दार बांधलेलं होतं, मला उतरता आलं नसतं. दार बांधलेलं होतं हे खरं. पण दोरी आतून होती, आणि गाठ मीच मारली होती. एका हाताने सुटेल अशी.

मी दुसरा कागद लिहून ठेवला आहे. त्यात मैल आहे, कापूस आहे आणि "विझलं" हा शब्द आहे. तो दिला तर वर्कशॉप जाईल आणि दादा पुन्हा या खोलीत येणार नाही. दोन्ही कागद तराजूखाली ठेवले आहेत. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, तरी विचारते. सोमवारी सकाळी मला निघायचं आहे. दोन कागदांतला कुठला न्यायचा, ते रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.