भुऱ्याचा पट्टा

२ एप्रिल, देवणी
आज पुन्हा तेच. पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला की आमचा कुत्रा भुऱ्या दोर तोडून पळतो. मी पोहोचेपर्यंत साहेबांचं तोंड समोरच्या सुलोचनाकाकूंच्या घागरीत. काकूंनी भरलेली घागर सगळ्यांदेखत नालीत ओतली. या दिवसांत! "तुमच्या कुत्र्याचं तोंड लागलं," म्हणाल्या. 'तुमच्या'वर केवढा जोर. भांडं कुत्र्यानं बाटलं की आमच्या कुत्र्यानं, हे विचारणारच होते. मागं अण्णा उभे होते, म्हणून जीभ चावली.

३ एप्रिल
काकूंचा मुलगा दारात येऊन सांगून गेला, पुढच्या खेपेला भाकरीत औषध घालतो. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे बोलला, त्याचीच भीती वाटते.
अण्णांना सांगितलं नाही. माझ्या बापाला आता नुसता उजेड-अंधार कळतो. भुऱ्याचा दोर हातात धरून सकाळ-संध्याकाळ विहारात जातात. तो गेला तर अण्णा खाटेवरच.

५ एप्रिल
मिलिंदला फोन. भाऊ नांदेडला असल्याचा एवढाच उपयोग. तिथल्या दुकानातून पट्ट्यांचे फोटो पाठवले. रिमोटचा पट्टा. एक नुसता वाजतो, एक थरथरतो, एक करंट देतो. करंटवाला वॉटरप्रूफ आहे, पाण्यात पोहला तरी चालतो म्हणे. कुठल्या पाण्यात रे बाबा!
मला वाजणारा पाहिजे. मिलिंद म्हणतो, "ताई, गावठी कुत्रं हाय ते. टँकरच्या हॉर्नपुढं शिट्टी कोण ऐकतंय?" बरोबर बोलतो, म्हणून राग आला.

७ एप्रिल
ठरत नाही. वर्गातही डोक्यात तेच. पोरांना छडी लावत नाही म्हणून मिरवते मी, आणि इथं मुक्या जिवाला करंट.
रांगेत दुसराच विषय. उदगीर जिल्हा होणार, मग नळाला पाणी येणार. होय तर, आणि माझं कुत्रं शहाणं होणार.

९ एप्रिल
करंटवाला सांगितला. औषधापेक्षा करंट बरा. झालं.

११ एप्रिल
मिलिंद स्वतः घेऊन आला. आधी मी माझ्याच मनगटाला लावून बघितला. झिणझिण्या कोपरापर्यंत. अण्णांनी पट्टा चाचपला, दोन खिळ्यांसारखं टोचलं त्यांना. "कशाला हे?" मी म्हटलं, दोर तोडू नये म्हणून. खोटंच की.
दुकानदारानं बजावलं होतं, आधी घरी शिकवा, मग बाहेर न्या. म्हणून अंगणात आपलीच घागर मांडली, काठोकाठ. त्यानं तोंड घातलं, मी बटण दाबलं. काय केकाटला! पुन्हा मांडली, पुन्हा दाबलं. संध्याकाळपर्यंत घागरीकडे बघेना. मिलिंदनं टाळी दिली. मीही घेतली.

१२ एप्रिल
टँकर आला. भुऱ्या जागचा हलला नाही. काकू पहिल्यांदा माझ्याशी हसल्या. "शिकिवलं की बाई तुम्ही." मुलगाही मान हलवून गेला. वाचला एकदाचा. दुपारी लई दिवसांनी निवांत झोपले.

१३ एप्रिल
भुऱ्याची वाटी काल भरलेली, तशीच आहे.

१४ एप्रिल
जयंती. अण्णांनी पांढरा सदरा घातला, दोर धरला. भुऱ्या विहाराच्या पायरीवर बसला तो उठेना. मी उचलून घरी आणला आणि वाटीत पाणी ओतलं. ओतल्याचा आवाज आला तसा थरथर कापत खाटेखाली. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. घागर नको, असं मी शिकवायला गेले होते. तो शिकला, पाणी नको. आपल्याच घरचं, आपल्याच घागरीतलं. बाई कसली मी, कसाई.
पट्टा काढून फेकला. फरक नाही.

१५ एप्रिल
उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकडे. सलाईन लावलं. म्हणाले, भीती कधी जाईल सांगता येत नाही, रोज सलाईनवर भागणार नाही. ताकात भाकरी कुस्करून द्या. दिली. हुंगून मागं सरला.
घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. औषधाची धमकी, करंट, घागर. खाली बसून खाटेखाली हात घातला, भुऱ्याची मान चाचपत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल
सकाळपासून अण्णा जमिनीवर बसलेत, खाटेला टेकून. ओंजळीत पाणी. सांडलं की मला पुन्हा घालायला लावतात, थेंब थेंब, आवाज न करता. मी चहा दिला, कोपरानं सरकवला. पाणी दिलं, तेही सरकवलं.
"त्यानं पिलं की पितो," म्हणाले.
या उन्हात! पाया पडले, रडले, भांडले. ऐकत नाहीत.
आत्ता बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. भुऱ्यानं नुसते कान हलवले. सगळी गल्ली पळाली. माझ्या रिकाम्या घागरी दारात तशाच, आणि मी उठले नाही. अण्णांनी ओंजळ सोडली नाही. भुऱ्यानं खाटेखालून मान काढली आहे. नाक ओंजळीच्या जवळ. अजून जीभ लावली नाही, पण मागंही सरला नाही.